अंधारात नेता येईल अशी दुर्बीण

स्वयंपाकघरातल्या फरशीच्या सरळ रेघा मधेच वाकायला लागल्या, तेव्हा मालन काकडेला पहिल्यांदा आपल्या डोळ्यांची शंका आली. तिनं एका डोळ्यावर हात ठेवून पाहिलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडं तेच. शेवगावच्या मुलींच्या शाळेत तिनं सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली होती, त्यामुळं घाबरण्याआधी तिनं पडताळा घेतला. दाराची चौकट, टीव्हीची कड, कॅलेंडरातले चौकोन. जिथं बघावं तिथंच रेघ वाकत होती.

नगरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, फोटो काढले आणि सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. त्यावर ऑपरेशन नाही, चष्म्याचा फायदा नाही. वाचन हळूहळू सुटेल, समोरच्याचा चेहरा ओळखायला अडचण येईल. कडेची नजर मात्र राहील.

"घरात वावराल, स्वयंपाक कराल. पूर्ण अंधार होणार नाही काकू, काळजी करू नका."

"आणि दुर्बिणीतून बघता येईल?" मालननं विचारलं.

डॉक्टर गोळ्या लिहून देत होते. त्यांनी मान वर केली. "दुर्बीण? नाही हो, अशी बारीक कामं आता सोडून द्यायची."

बाहेरच्या बाकावर नाझनीन इनामदार थांबली होती. तीच मालनला गाडीत घालून घेऊन आली होती. दोघी एकाच शाळेत होत्या. नाझनीन गणित शिकवायची. एकाच वर्षी लागल्या, एकाच वर्षी निवृत्त झाल्या, घरंही एका गल्लीच्या अंतरावर. डॉक्टर काय म्हणाले ते मालननं तिला पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. नाझनीनच्या डोळ्यांत पाणी आलं. मालनच्या नाही आलं. गाडी नगरच्या बाहेर पडल्यावर ती म्हणाली,

"नाझनीन, मला मोठी दुर्बीण घ्यायचीय."

"आत्ता?"

"मग कधी?"

तिच्याकडं एक चार इंची दुर्बीण होती. चार इंची म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी चार इंच. दरवर्षी थंडीत सातवीच्या मुलींना घराच्या गच्चीवर बोलावून ती त्यातून चंद्रावरचे खड्डे आणि शनीची कडी दाखवायची. मुली किंचाळायच्या, खाली येऊन तिच्या नवऱ्याच्या, रंगनाथ सरांच्या हातचा चहा प्यायच्या आणि घरी जायच्या. पण मालनचा स्वतःचा जीव दीर्घिकांवर होता. आपल्या आकाशगंगेच्या पलीकडच्या, तिच्यासारख्याच दुसऱ्या आकाशगंगा. चार इंची दुर्बिणीत त्यातल्या ठळक तेवढ्या धुरकट ठिपक्यासारख्या दिसायच्या आणि बाकीच्या दिसल्याचा नुसता भास व्हायचा. अंधूक दीर्घिका बघायच्या तर मोठा आरसा हवा. मोठी दुर्बीण निवृत्तीनंतर घ्यायची असं तिचं आणि रंगनाथचं ठरलं होतं. निवृत्तीनंतर वर्षभरात रंगनाथ गेला आणि तो विषय तसाच राहिला.

दिवाळीला तिचा मुलगा हर्षल बेंगळुरूहून आला तो एका मित्राची दुर्बीण घेऊनच. दुर्बीण कसली, पाठीवरच्या दप्तरात बसेल एवढा गुळगुळीत पांढरा डबा. त्याला डोळा लावायची जागाच नव्हती. आत कॅमेरा होता. हर्षलनं तो गच्चीवर ठेवला, मोबाईलवर एक नाव निवडलं, डबा आपला आपण फिरला आणि आकाशाचे फोटो घेत राहिला. फटाक्यांचा धूर होता, चौकात उंच खांबावरचा हायमास्ट दिवा जळत होता, पण त्या यंत्राला त्याचं काही नव्हतं. थोड्या वेळानं हर्षलनं खाली हॉलमध्ये येऊन मोबाईल टीव्हीला जोडला.

"आई, बघ."

पडद्यावर एक दीर्घिका होती. निळसर कडा, पिवळा गाभा, गरगर वळलेले हात. फराळाला आलेली नाझनीन "या अल्लाह" म्हणाली. तिच्या नवऱ्यानं, अमीरभाईंनी, हातातली चकली तशीच धरून ठेवली.

मालन खुर्ची पुढं ओढून बसली. ती जिथं नजर लावायची तिथं राखाडी डाग यायचा आणि दीर्घिकेचा नेमका तोच भाग गिळून टाकायचा. डाग बाजूला सरकवला की कडेनं रंग दिसायचे. "छान आहे," ती म्हणाली. "फारच छान आहे रे."

नंतर स्वयंपाकघरात दोघी कपबशा विसळत असताना तिनं हळूच सांगितलं, "तो टीव्हीचा उजेड होता गं."

"म्हणजे?"

"त्या दीर्घिकेतून निघालेला उजेड काही कोटी वर्षं चालत इथवर आला. आणि पडला कुठं? त्या डब्यात. मला टीव्ही दिसला. मला तो उजेड डोळ्यात हवाय. थोडा असू दे, पण माझ्या डोळ्यात."

नाझनीननं तिच्याकडं बघितलं. मालन बोलताना तिच्या कानाकडं बघत होती. हल्ली तिला चेहरा दिसायला हवा असेल तर कानाकडं किंवा खांद्याकडं बघावं लागायचं. तसं केलं की चेहरा कडेच्या नजरेत यायचा. नाझनीनला याची सवय होत होती, पण प्रत्येक वेळी आत काहीतरी तुटायचं.

दिवाळीनंतर हर्षल बेंगळुरूला परत गेला आणि आठवड्यानं त्यानं नाझनीनला फोन केला.

"मावशी, तुम्ही तिला समजावा. ती कुणा राधाकृष्ण नावाच्या माणसाशी बोलतेय. नगरला हाताने आरसे घासून मोठ्या दुर्बिणी बनवतात ते. आठ इंची, बारा इंची. मी वाचलंय सगळं. त्या दुर्बिणीत फोटोसारखं काही दिसत नाही, चांगल्या डोळ्यांच्या माणसालासुद्धा नुसता धुरकट डाग दिसतो. तिला काय दिसणार? ती तिथं डोळा लावेल आणि काहीच दिसणार नाही. तेव्हाचं तिचं तोंड मला बघवायचं नाही, मावशी."

नाझनीनलाही ते बघवलं नसतं. "मी बोलते तिच्याशी," ती म्हणाली. "तू तो डबाच बघून ठेव."

पण ती बोलली नाही. रोज संध्याकाळी दोघी चालायला जायच्या तेव्हा मालन भरभरून दुर्बिणींबद्दल बोलायची आणि नाझनीनचा धीर व्हायचा नाही. बघता बघता डिसेंबरची अमावास्या आली. राधाकृष्ण दर अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आपल्या दुर्बिणी घेऊन अकोले तालुक्यातल्या डोंगरात जायचे आणि ज्यांना घ्यायचीय त्यांना म्हणायचे, आधी तिथं येऊन बघा, मग ठरवा. मालननं नाझनीनला न विचारताच दोघींचं येणं कळवून टाकलं होतं.

सकाळी लवकर निघाल्या. नेवासा, श्रीरामपूर मागं पडलं. मालन खुशीत होती. डब्यातल्या तिळाच्या पोळीचे तुकडे नाझनीनला भरवत होती. संगमनेरच्या अलीकडं गाडीतला फोन वाजला. नाझनीननं सवयीनं स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि हर्षलचा आवाज गाडीभर झाला.

"मावशी, आईला सांगितलंत का? तो डबा ऑर्डर करून टाकू ना? म्हणजे त्या मोठ्या दुर्बिणीचं डोक्यातून जाईल तिच्या."

नाझनीननं फोन तोडला, पण उशीर झाला होता. मालननं डब्याचं झाकण लावलं. संगमनेर आलं आणि गेलं. अकोल्याच्या रस्त्याला लागल्यावर नाझनीननं एका चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली.

"कधीपासून ठरवताय माझ्यामागं?" मालननं विचारलं.

"दिवाळीपासून."

"मी आंधळी होतेय, नाझनीन. वेडी नाही."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. डॉक्टर म्हणाले बारीक कामं सोडा. हर्षल म्हणतो टीव्हीवर बघ. ठीक आहे, त्यांना माहीत नाही मी किती वर्षं याची वाट बघितली. तुला तर माहीत होतं. तू तरी मला सरळ विचारायचंस."

नाझनीननं चहाचा ग्लास गाडीच्या टपावर ठेवला. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "तू डोळा लावशील, तुला काही दिसणार नाही, आणि मी शेजारी उभी असेन. मग मी काय बोलू तुला? गणितात असं कुठं शिकवत नाहीत."

मालननं रस्त्याकडं बघितलं. उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. "काही बोलू नकोस," ती शेवटी म्हणाली. "नुसती गाडी चालवत घरी ने. एवढं करशील ना?"

"करीन."

"मग चल."

राजूरच्या पुढं डोंगराच्या पोटात एक वाडी होती. भात कापून झालं होतं, खाचरांत नुसती खुंटं उरली होती आणि पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. एका सपाट खाचरात राधाकृष्णांनी दोन दुर्बिणी मांडल्या होत्या. साठीचा, कानटोपी घातलेला गृहस्थ. नगरच्या एमआयडीसीत इंजिनिअर होता, आता आरसे घासणं हेच त्याचं काम. खाचर ज्यांचं होतं त्या बायडाबाईंनी पाहुण्यांना ओसरीवर बसवलं आणि नाचणीची भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला.

"लई लांबून आला," बायडाबाई म्हणाल्या. "आमच्या हितं काय हाय बघायला? डोंगूर नि अंधार."

"अंधारच बघायला आलोय, बाई," मालन म्हणाली, आणि सकाळनंतर पहिल्यांदा हसली.

सूर्य डोंगराआड गेला. नाझनीननं ओसरीच्या कडेला चटई टाकून मगरीबची नमाज पढली. ती उठेपर्यंत आभाळात चांदण्या उमटायला लागल्या होत्या, आणि अंधार पुरता झाला तेव्हा तिला क्षणभर आपण कुठं आहोत हेच कळेना. शेवगावला चांदण्या मोजता यायच्या. इथं मोजायचा प्रश्नच नव्हता. पेंढीतून भुसा उधळावा तसं आभाळ भरलं होतं.

आधी आठ इंची. कमरेएवढी जाड पत्र्याची नळी, खाली गोल फिरणारी लाकडी बैठक. मोटर नाही, मोबाईल नाही. हातानं ढकलायची, हातानं थांबवायची. नळीच्या वरच्या टोकाला बाजूनं डोळा लावायची जागा, म्हणजे आयपीस, आणि तिच्याजवळ नेम धरायला एक लहानशी दुर्बीण.

"बाई, कुठली बघायची?" राधाकृष्णांनी विचारलं.

"यादीतली आठशे एक्क्याण्णव नंबरची दीर्घिका."

राधाकृष्ण थोडे थबकले. "एकदम तीच? देवयानीतली नेहमीची दीर्घिका बघा आधी. मोठी आहे, ठळक आहे."

"देवयानी मी पुष्कळदा बघितलीय. आठशे एक्क्याण्णव नंबरची कधीच दिसली नाही. चार इंचीत दोन वर्षं शोधली."

ती स्वतः नेम धरायला वाकली. नेमाच्या दुर्बिणीत फुलीच्या मधोमध तारा आणायचा असतो, आणि तिच्या डोळ्यात मधोमध डाग होता. तारा फुलीजवळ आला की नाहीसा व्हायचा. तिनं तीनदा प्रयत्न केला. नाझनीन पाठीमागं उभी राहून शालीचं टोक मुठीत आवळत होती. चौथ्यांदा मालन सरळ उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "हे मला जमणार नाही. तुम्ही लावून द्या."

राधाकृष्णांनी नळी फिरवली, पुटपुटत दोन-तीन तारे ओलांडले आणि थांबले. "आलीय. कडेवरून दिसणारी दीर्घिका आहे, ताट आडवं धरून बघावं तशी. फार फिकी आहे. वेळ द्या."

"तू आधी बघ," मालन नाझनीनला म्हणाली.

नाझनीननं डोळा लावला. काळं वर्तुळ, त्यात बारीक तारे विखुरलेले. तिनं डोळे फाडून बघितलं. मधोमध बघितलं. काहीच नव्हतं. माझ्या चांगल्या डोळ्यांना दिसत नाही, तर हिला काय दिसणार? खोटं बोलावं का, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिच्यापासून लपवून काय झालं ते सकाळीच बघितलं होतं.

"मला काही दिसत नाही, मालन. नुसते तारे."

मालन पुढं झाली. ती वाकली, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि स्थिर राहिली. खालच्या अंगाला कुत्रं भुंकत होतं. बायडाबाई ओसरीवरून बघत होत्या. नाझनीन वाट बघत राहिली आणि मनातल्या मनात घरचा रस्ता आठवत राहिली, इथून राजूर, राजूरहून अकोले.

"आहे," मालन म्हणाली.

नाझनीननं मुठीतलं शालीचं टोक सोडलं.

"आहे. तिरकी रेघ आहे. वर डावीकडून खाली उजवीकडं. बारीक, कापसाची वात पिंजून ताणावी तशी. मधे जरा जाड. बरोबर?"

राधाकृष्ण पुढं येऊन बघून मागं झाले. "बरोबर. तशीच आहे. पुष्कळांना पहिल्यांदा दिसत नाही हो ही."

"मला का दिसली नाही मग?" नाझनीननं विचारलं.

मालन आयपीसपासून बाजूला झाली. शिकवायची सवय जात नाही. "तू मधोमध बघत असशील. फिकं काही बघायचं तर मधोमध बघायचं नसतं, कडेनं बघायचं. अंधारात डोळ्याचा मधला भाग कुणाचाच नीट चालत नाही. तो दिवसाचा, वाचायचा. रात्रीचं कडेला असतं. हे मी वर्षानुवर्षं मुलींना सांगत आले, आणि मला स्वतःला..." ती थांबली. "डॉक्टर म्हणाले मधला भाग गेला, आणि मी धरून चालले की संपलं. पण मधला भाग इथं लागतच नाही, नाझनीन. कडेनं बघायची तर मला आता दिवसभर सवय आहे. तुझं तोंड मी कडेनंच बघते की."

मग तिला रडू आलं. नाझनीननं तिला जवळ घेतलं. राधाकृष्ण नळीचं झाकण शोधायच्या निमित्तानं दुसरीकडं गेले. झाकण त्यांच्या कोटाच्या खिशात होतं.

नंतर नाझनीन परत वाकली. मालन शेजारून सांगत होती, "तो ठळक तारा दिसतोय ना उजवीकडं? त्याच्याकडं बघ. दीर्घिकेकडं बघूच नकोस. नुसतं लक्ष ठेव." नाझनीननं ताऱ्याकडं नजर ठेवली, श्वास सोडला, आणि काळ्याच्या मधे अगदी फिकी, आहे की नाही अशी एक रेघ उमटली. तिनं झटकन तिकडं बघितलं तर गेली.

"किती लांब आहे ही?"

"तीन कोटी प्रकाशवर्षं."

नाझनीन गणिताची. तिनं तो आकडा मनात धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मग बारा इंची. ती छातीएवढी उंच होती, सहा दांड्यांच्या सांगाड्यावर उभी, आणि तिचा आरसा एखाद्या परातीएवढा होता. राधाकृष्णांनी तीच दीर्घिका लावली. या वेळी नाझनीनला लगेच दिसली. मालननं डोळा लावला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले.

"रेघेच्या मधून काळी रेघ गेलीय. चिरल्यासारखी. धूळ आहे ती, दीर्घिकेच्या आतली." ती हलेचना. दुर्बीण आकाशाबरोबर सरकवावी लागायची. राधाकृष्ण सरकवत राहिले आणि ती बघत राहिली. "ही आठ इंचीत दिसेल?"

"नाही," राधाकृष्ण म्हणाले. "आठ इंचीत दीर्घिका दिसेल, तिच्या मधली रेघ दिसणार नाही. उजेड गोळा करायला आरसाच तेवढा लागतो."

"मग बाराच घे," नाझनीन लगेच म्हणाली. सकाळपासून तिच्या मनावर ओझं होतं आणि आता तिला मालनला काहीही द्यायला चाललं असतं.

"उचलून बघा आधी," राधाकृष्ण म्हणाले. "उचलून बघितल्याशिवाय मी कुणाला विकत नाही."

सांगाडा सुटत होता, दांड्या काखेत मावत होत्या. पण आरशाची पेटी एकसंध होती. दोघींनी दोन बाजूंनी हात घातला. पेटी उठली. खाचराच्या बांधापर्यंत जायचं होतं. अर्ध्यात नाझनीनची कंबर धरली आणि मालनला पुढचा बांध दिसला नाही. दोघींनी पेटी कशीबशी खाली ठेवली आणि धापा टाकत एकमेकींकडं बघून हसायला लागल्या.

"अमीरला आणू," नाझनीन म्हणाली. "नाहीतर गच्चीवर कायमची ठेवून देऊ. वर नेऊन द्यायला माणसं मिळतील."

मालन पेंढीवर बसली होती. तिनं वर बघितलं, मग खाली दरीकडं, जिथं एकही दिवा नव्हता.

"गच्चीवर हायमास्ट आहे," ती म्हणाली. "तिथं आकाशच राखाडी असतं. फिक्या आकाशात फिकी दीर्घिका, बारा इंची असली तरी काय दाखवणार? बारा इंची माझ्या गच्चीवर आंधळी होईल. आणि अमीरभाई एकदा येतील, दोनदा येतील. मला बघायचं असेल तेव्हा बघता यायला हवं. आठ इंची तुझ्या गाडीत मागच्या सीटवर बसेल. नळी एकीनं धरायची, बैठक एकीनं. बोधेगावच्या पुढं आमच्या दिरांचं रान आहे, तिथं अंधार बरा असतो. अमावास्येच्या पुढं-मागं इथवरही येता येईल."

"पण ती काळी रेघ?"

"ती आज बघितली." मालन उठली. "थांबा हो, ती पेटी परत लावा. अजून एकदा बघू द्या."

राधाकृष्णांनी सांगाडा परत जोडून दिला आणि मालन तिथं बराच वेळ उभी राहिली. तिला बारा इंची हवी होती. ते तिच्या पाठीकडं बघूनही कळत होतं.

सकाळी आठ इंची गाडीत चढली. निघायच्या आधी मालननं स्वतः हर्षलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडं त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, पण नेम कोण धरणार?"

"तुझी मावशी."

नाझनीननं चमकून बघितलं. तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

शिकणं सोपं गेलं नाही. नाझनीनला सप्तर्षी आणि शुक्र सोडला तर आकाशातलं काही येत नव्हतं. मालन काठी उंचावून दाखवायची: ही शर्मिष्ठा, हा ययाती, ही देवयानी; या दोन ताऱ्यांच्या मधून असं खाली ये. नाझनीन भलतीकडं जायची. बोधेगावच्या रानात हरभऱ्याच्या कडेला दोघी स्वेटर-शाली गुंडाळून उभ्या असायच्या आणि एकमेकींवर शाळेत ओरडायच्या तशा ओरडायच्या.

"डावीकडं म्हटलं ना!"

"दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, तुझं डावं कुठलं, दुर्बिणीतलं की बाहेरचं?"

संक्रांतीला हर्षल आला. नळी त्यानंच वाहून नेली. नाझनीननं लावून दिलेल्या दीर्घिकेकडं तो वाकून बघत राहिला, मालननं सांगितलं तसं कडेनं बघितलं, आणि शेवटी एक धुरकट डाग त्याला सापडला.

"एवढंच?" तो म्हणाला, आणि जीभ चावली.

मालन मोकळी हसली. "एवढंच रे. याच्यासाठीच एवढं सगळं." मग तो परत वाकला आणि या वेळी लवकर उठला नाही. घरी जाताना पुढच्या सीटवर बसून त्यानं नाझनीनला हळूच विचारलं, "मावशी, हिचे डोळे आणखी बिघडले तर?" नाझनीन म्हणाली, "तर बिघडतील. तोवर जाऊ."

मार्चमध्ये सिंह राशी पूर्वेला वर आली. सिंहाच्या मागच्या पायाजवळ तीन दीर्घिका एका वर्तुळात मावतात. दोन बऱ्यापैकी ठळक, तिसरी फार फिकी. त्या संध्याकाळी नाझनीननं मालनला काही न विचारता नेम धरला. बराच वेळ लागला. मालन घडीच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती आणि मुद्दाम काही बोलत नव्हती.

"मालन, ये."

मालन वाकली. "अगं! तू एकटीनं लावलीस?" ती आणखी खाली वाकली. "एक. दोन. दोन्ही आहेत, शेजारी शेजारी, भुवया वर केल्यासारख्या." ती नजर इकडं-तिकडं सरकवत राहिली. गेल्या महिन्यापासून डाव्या डोळ्यातला डाग वाढला होता. तिनं उजवा लावून बघितला.

"तिसरी नाही दिसत," ती म्हणाली. "तू बघ."

नाझनीन वाकली. दोन ठिपक्यांपासून नजर बाजूला नेली, एका बारीक ताऱ्यावर ठेवली, आणि वाट बघितली. "आहे," ती म्हणाली. "वरच्या बाजूला. लांबट आहे, त्या दोघींपेक्षा लांब. आडवी."

"कडा कशा आहेत? टोकदार की विरघळलेल्या?"

"विरघळलेल्या."

"आणि मधे?"

"मधे कळत नाही. थांब, नीट बघू दे."

मालन खुर्चीत परत बसली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. नाझनीन बघत होती, सांगत होती, चुकत होती, परत बघत होती. दूरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि त्याच्या दिव्याचा झोत दुसरीकडं वळेपर्यंत तिनं डोळ्यावर हात धरला.

"बस कर आता, कंबर धरेल," मालन म्हणाली. "मी परत बघते. आज नाही दिसली तर उद्या बघू."

"उद्या ढग आहेत म्हणतात."

"मग परवा."

ती उठली, पदरानं हात पुसले आणि आयपीसवर वाकली.